अव्वलबाईंची रजा

अव्वलबाई समोरच्या माणसाला आडनाव सांगू देत नसत. गावाकडचा कोणी टेबलापुढं उभा राहून सवयीनं पूर्ण नाव सांगायला लागला की त्या हात वर करून त्याला मध्येच थांबवत. "नाव कळलं. आता गाव सांगा, माणसं किती, जनावरं किती ते सांगा. बाकी राहू द्या." माणूस गोंधळायचा. अर्ध्या नावावर सरकारी काम होतं हे त्याला ठाऊक नसायचं. काही जण बाहेर व्हरांड्यात येऊन मला हळूच विचारायचे, "बाईनं लिहून घेतलं ना पुरतं?"

लातूर जिल्हा होऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती. जुन्या जिल्ह्याहून पोत्यांत भरून आलेली दप्तरं आमच्या तालुक्याच्या कचेरीत अजून तशीच भिंतीला टेकून उभी होती आणि आम्ही त्यांवर बसून डबा खायचो, कारण खुर्च्या पुरत नव्हत्या. त्यात दुष्काळ पडला. टंचाईचं टेबल अव्वल कारकुनाकडे असे, आणि या हुद्द्यावर बाईमाणूस आमच्याकडे पहिल्यांदाच आलं होतं. म्हणून शिपायांनी त्यांना अव्वलबाई म्हणायला सुरुवात केली आणि पुढं तहसीलदार साहेबसुद्धा तेच म्हणू लागले. मी त्यांच्या हाताखालची कारकून. माझी तिशी उलटायची होती, बाईंना पंचेचाळिसावं होतं.

बाई मूळच्या हिमायतनगरकडच्या, बौद्ध घरातल्या. नवरा तलाठी होता. लग्नाला तीन वर्षं होतात न होतात तोच तो कावीळ होऊन गेला आणि त्याच्या जागी त्या नोकरीला लागल्या. मूलबाळ नव्हतं. नांदेडला धाकटा भाऊ शाळामास्तर होता, त्याला त्यांनीच शिकवलेलं. त्याची दर पंधरा दिवसांनी पत्रं येत. त्यांतली काही त्या मला वाचून दाखवत आणि म्हणत, "बघा, मास्तर झाला तरी वेलांटी चुकतो."

टँकरच्या प्रत्येक प्रस्तावाखाली त्या स्वतःच्या हातानं एक ओळ घालत, 'टँकर गावात दोन ठिकाणी रिकामा करावा.' छापील नमुन्यात ती ओळ नव्हती. टँकरचं पाणी गावच्या विहिरीत सोडलं की दलित वस्तीतल्या बाया काठाशी घागर घेऊन उभ्या राहतात आणि दुसऱ्या कोणाला दया येईपर्यंत उभ्याच असतात, हे कचेरीत सगळ्यांना माहीत होतं. कोणी लिहीत नव्हतं इतकंच. एका गावचे सरपंच तक्रार घेऊन आले. "बाई, आमच्याकडं असलं काही न्हाई. सगळे गुण्यागोविंदानं राहून राहिलेत. दोन ठिकाणी सांडायला पाणी काय जास्तीचं आलंय का?"

बाई म्हणाल्या, "मग एकच ठिकाण करू. वस्तीतलं. तुमच्या बाया तिथं येतील भरायला."

सरपंच निघून गेले. ओळ राहिली.

त्याच उन्हाळ्यात एकदा काम संपायला उशीर झाला म्हणून मी त्यांना चहाला घरी घेऊन गेले. आमचं घर व्यापाऱ्यांचं, खाली किराणा दुकान, वर आम्ही. सासूबाई कपाळभर विभूती लावणाऱ्या, देवभोळ्या, स्वभावानं वाईट नव्हेत. त्यांनी बाईंना बसायला सांगितलं, पाणी दिलं, माहेर विचारलं. मग विचारलं, "तुम्ही कुणापैकी?" बाईंनी सांगितलं. सासूबाई आत गेल्या. थोड्या वेळानं माझा चहा कपबशीत आला आणि बाईंचा एका जुन्या पेल्यात. तो पेला आमच्या घरात कोणी वापरत नसे. मी बघितलं. मी बघितलं हे बाईंनी बघितलं. मी काही बोलले नाही. बाईंनी चहा प्यायला, मोरीशी जाऊन पेला स्वतः विसळला, पालथा घातला आणि सासूबाईंना नमस्कार करून निघाल्या.

दुसऱ्या दिवशी मला त्यांच्याकडे मान वर करून बघवेना. दुपारी त्याच बोलल्या. "महानंदाबाई, मला राग आलाय असं समजू नका. रागाचं वय गेलं. मला कंटाळा आलाय." हातातला प्रस्ताव त्यांनी पूर्ण केला, सही केली आणि म्हणाल्या, "या सगळ्याची आठ दिवस रजा मिळाली पाहिजे. कुठं तरी अशा गावाला जायचं की आपण दारात उभं राहिलं तरी समोरच्याला काही कळू नये."

मला वाटलं, बोलून गेल्या असतील. पण पावसाळा लागून टँकर बंद झाले आणि बाईंनी रजेचा अर्ज टाकला. ठिकाण : बँकॉक, थायलंड. कारण : खाजगी. आमच्या कचेरीतून तोवर पुण्यापलीकडं रजेवर गेलेलं कोणी नव्हतं.

साहेबांनी त्यांना आत बोलावलं. मी फायली घेऊन तिथंच उभी होते.

"तिथं कोण आहे तुमचं?"

"कोणी न्हाई, साहेब."

"मग यात्रा आहे का? बुद्धाचं वगैरे? ग्रुपबरोबर?"

"न्हाई. एकटीच."

"अहो, कारण काय लिहू मी? वर विचारतील."

"खरं कारण लिहिलं तर कागद पुरायचा न्हाई. खाजगी राहू द्या."

साहेब माणूस भला होता. त्यांनी ना हरकत प्रमाणपत्रासाठी फाईल वर पाठवली. ती दोन महिने वरच राहिली. तोवर कचेरीतल्या पुरुषमंडळींनी बँकॉकवरून जे काही बोलायचं ते बोलून घेतलं, बाई आल्या की गप्प बसून. पोलीस चौकशीला जमादार आला आणि त्यानं गल्लीतल्या चार घरांत बाईंचं वागणं कसं आहे ते विचारलं. पारपत्राचा फॉर्म त्याआधी बाईंनी माझ्यासमोर भरला होता. आडनावाच्या रकान्यापाशी पेन थांबलं. मग म्हणाल्या, "इथं सुटका न्हाई," आणि मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहून टाकलं.

नांदेडहून भाऊ आला. त्याला आम्ही सगळे भाऊसरच म्हणायचो. तो रडवेला झाला होता. "ताई, इंग्रजी येत न्हाई तुला. काही झालं तर मी काय करू? निदान मला तरी सोबत येऊ दे. मी कर्ज काढतो."

"तू आलास की मी ताई झाले, भाऊ. मला आठ दिवस कोणाचीच कोणी व्हायचं न्हाई."

"म्हणजे आम्ही नकोत का तुला?"

बाईंनी त्याच्या पुढ्यात ताट ठेवलं, भाकरी वाढली. "पाहिजेस म्हणून तर परत येणार आहे," एवढंच म्हणाल्या. भाऊसर न जेवता उठले आणि नांदेडच्या बसमध्ये बसले. निघण्याच्या दिवशीही ते आले नाहीत.

लातूरच्या स्टेशनावर त्यांना सोडायला मी एकटीच होते. तेव्हा तिथून कुर्डुवाडीपर्यंत छोटी रेल्वे जायची. एक सुटकेस, एक पिशवी, पिशवीत शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी. खिडकीतून माझा हात धरून बाई म्हणाल्या, "महानंदाबाई, मला लई भीती वाटून राहिलीय. उतरू का?" माझ्या तोंडून 'उतरा' निघणार होतं. तेवढ्यात गाडी हलली आणि प्रश्न मिटला.

परत आल्यावर त्यांनी जे सांगितलं ते असं. पहिला दिवस त्या हॉटेलच्या खोलीतून बाहेरच पडल्या नाहीत. भाकरी खाल्ली, नळाचं पाणी प्यावं की नाही कळेना म्हणून तहानेल्याच राहिल्या आणि पलंगावर बसून रडल्या. दुसऱ्या दिवशी तहानेनंच खाली उतरवलं. विमानतळावर आणि हॉटेलात त्यांचं सगळं बोलणं फायलीतल्या इंग्रजीत चाललं होतं. "काइंडली इन्फॉर्म," असं म्हणून त्या पुढं बोट दाखवायच्या. लोक हसत, पण माहिती मिळे. रस्त्यावर एक बाई हातगाडीवर शेवयांचं पातळ कालवण विकत होती. बाईंनी बोट दाखवलं, तिनं वाडगं भरून दिलं, सरकून बाकावर जागा केली. दोघींत एकही शब्द झाला नाही. बाई रोज तिथंच जेवू लागल्या. एका विहारात सकाळभर बसल्या, तेव्हा शेजारच्या म्हातारीनं न विचारता आपली अर्धी चटई त्यांच्याकडं सरकवली. "तिला मी कोण हे ठाऊक नव्हतं," बाई म्हणाल्या, "आणि जाणून घ्यायची घाई पण नव्हती."

पाचव्या दिवशी कापडाच्या एका दुकानासमोरून जाताना आतून हाक आली, "बहनजी, इंडिया से?" दुकानदार हिंदुस्थानातला, तिथं तीस वर्षं राहिलेला. साडी बघून त्याला गहिवरून आलं. बसवलं, थंड पाणी दिलं, गाव विचारलं. मग विचारलं, "पूरा नाम?" बाईंनी नुसतं नाव सांगितलं. तो हसून म्हणाला, "वो तो ठीक है. आगे? आप लोग कौन हुए?"

"मी पाण्याचा गिलास खाली ठेवला," बाई सांगत होत्या. "इतका समुद्र ओलांडून आले आणि हा बाबा तेच विचारून राहिला. उठून जावं वाटलं. मग वाटलं, मी पळायला आले का इथं? मी त्याला नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, बौद्ध हाय म्हणून सांगितलं, आमच्या आज्याची वस्ती गावाच्या कोणत्या अंगाला होती तेपण सांगितलं. हिंदीत. आवाज चढवून न्हाई, तुमच्याशी बोलते तसं."

"मग?"

"मग काही न्हाई. तो 'अच्छा, अच्छा' म्हणाला आणि कापडाचे तागे आवरू लागला. मी पाणी पुरतं प्याले आणि निघाले. त्यानंतरचे तीन दिवस लई चांगले गेले, महानंदाबाई. लई हिंडले."

हे त्या मला त्यांच्या खोलीवर सांगत होत्या. त्या दिवशी मी त्यांच्याकडे पहिल्यांदा जेवले. जेवताना चहाच्या पेल्याचं बोलले, त्या वेळी गप्प बसल्याचं बोलले आणि माफी मागितली. बाईंनी ती उडवून लावली नाही. "हाव. तुम्ही बोलायला पाहिजे होतं," असं म्हणाल्या आणि मला आमटी वाढली. घरी जाऊन मी तो पेला मोडीत टाकला. सासूबाई चार दिवस बोलल्या नाहीत, पण पुढं बाई आल्या तेव्हा चहा कपबशीतून आला.

बाई बदलल्या का? टेबलावर त्यांनी पूर्ण नावाची पाटी लावली, आडनावासकट, हे सगळ्यांनी पाहिलं. बाकी प्रस्ताव, वेलांट्या, दोन ठिकाणचा टँकर तेच राहिलं. वर्षभरानं त्यांची नांदेडला बदली झाली. जाण्याआधी त्यांनी मला बसवून माझा पारपत्राचा फॉर्म भरून घेतला. "एकदा जाऊन या. एकट्या."

मी नाही गेले. मुलं, दुकान, सासूबाईंचं आजारपण. पारपत्राची मुदत संपायची, मी नवं करून घ्यायची आणि पानं कोरी राहायची. बाई निवृत्त झाल्यावर आणखी दोनदा कुठं कुठं जाऊन आल्या. पत्रात दर वेळी शेवटी विचारत, "निघालात का?"

शेवटची भेट नांदेडला भाऊसरांच्या घरी झाली. बाई अंथरुणाला खिळल्या होत्या, आवाज बारीक झाला होता. मीही तेव्हा निवृत्त झाले होते. त्यांनी विचारलं आणि मला नाही म्हणवेना. "जाऊन आले, बाई. कोलंबोला."

"एकट्या?"

"एकटीच."

त्यांचे डोळे लकाकले. "पहिल्या दिवशी काय खाल्लं?"

मी त्यांचं पांघरूण सारखं करू लागले. बाई हसल्या आणि त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. "जा आधी. मग सांगा."

पंधरा दिवसांनी त्या गेल्या.

पुढच्या हिवाळ्यात मी कोलंबोला गेले. घरी वादावादी झाली, तिचं वर्णन करत नाही. पहिल्या दिवशी मी केळी आणि भात खाल्ला आणि खोलीत बसून रडले. परत आल्यावर तडक नांदेडला गेले. सांगायचं ठरलेलं होतं, आणि ऐकायला आता भाऊसरच उरले होते. सत्तरीचे झालेले, कानाला यंत्र लावलेले भाऊसर खुर्ची जवळ ओढून बसले. मी विमानापासून सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. सून दोनदा चहा ठेवून गेली, तो तसाच गार झाला. माझं संपलं तेव्हा त्यांनी गार चहा एका घोटात संपवला. मग म्हणाले,

"महानंदाताई, तो पारपत्राचा फॉर्म भरायला येतो का तुम्हाला?"