अंदाज आणि आईचा डावा पाय

आईचा डावा पाय उजव्याहून चांगलाच जाड आहे. रोज सकाळी त्यावर पाय आवळून धरणारा लांब मोजा मी चढवते. आधी पावडर, मग घोट्यापासून मांडीपर्यंत थोडं थोडं ओढायचं. एप्रिलात दोघींनाही घामाच्या धारा लागतात. भाऊ हिंजवडीला असतो. त्याने हा मोजा फोटोत पाहिला आहे.

तीन वर्षांपूर्वी, पाळी जाऊन बरीच वर्षं झालेली असताना, आईला पुन्हा रक्त जायला लागलं. तपासणीत गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर निघाला, अगदी सुरुवातीचा. आईला आम्ही एवढंच सांगितलं, की पिशवीत गाठ आहे, पिशवी काढावी लागेल. खडकीच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलेल्या बाईला तो शब्द झेपणार नाही, असं घरात ठरलं. कुणी ठरवलं ते विचारू नका. आमच्याकडे अशा गोष्टी आपोआप ठरतात.

ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात डॉक्टरबाईंनी बोलावलं. आईला बाहेर बाकावर बसवून मी आणि भाऊ आत गेलो.

"पेशंट कुठे आहेत?" बाईंनी विचारलं.

"तिला टेन्शन नको मॅडम, आम्हाला सांगा," भाऊ म्हणाला.

बाईंनी समजावून सांगितलं. रोग ओटीपोटातल्या लसीका गाठींत, म्हणजे लिम्फ नोड्समध्ये, गेलाय का, हे ऑपरेशनआधी नक्की कळत नाही. तुकड्याच्या तपासणीवरून आणि एमआरआयवरून अंदाज बांधायचा. आईच्या बाबतीत पसरल्याची शक्यता कमी होती. रंग टोचून, तो सर्वांत आधी ज्यांत उतरेल अशा दोन-तीनच गाठी काढून तपासाव्यात, असं त्यांचं मत होतं. सगळ्या काढल्या तर पाय कायमचा सुजू शकतो.

"पण हा अंदाजच ना? खात्री नाही ना?" भाऊ म्हणाला.

"खात्री कुणीच देणार नाही."

"मग सगळ्या काढा. रिस्क नको."

"पेशंटला एकदा विचारा," बाई म्हणाल्या. भावाने माझ्याकडे पाहिलं आणि मी मान हलवली. खरं सांगते, त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर आई नव्हती. उद्या काही झालं तर मावश्या काय म्हणतील, एवढंच डोक्यात होतं. आमच्यावर बोल येऊ नये म्हणून आम्ही तिच्या गाठी काढायला लावल्या.

ऑपरेशनच्या सकाळी बांगड्या, कानातले, चष्मा, सगळं काढून तिने माझ्याकडे दिलं. मग सहीचे कागद आले. "काय लिहिलंय गं?" तिने विचारलं. "रुटीन असतं, कर सही," म्हणत मी सहीच्या जागेवर बोट ठेवलं. न वाचता शाळेच्या हजेरीपत्रकावरही सही न करणारी बाई ती. तिने केली.

रिपोर्ट आला. एकाही गाठीत काही नव्हतं. भावाने ग्रुपवर हात जोडल्याच्या चित्रांची रांग लावली, मावशीने पेढे वाटले. बाईंचा अंदाज बरोबर होता, हे कुणीच म्हणालं नाही. चार महिन्यांनी पाय सुजला, तो सुजलाच. आता विहारात वंदनेला सगळे खाली बसतात आणि आई मागे प्लास्टिकच्या खुर्चीवर, एक पाय पुढे काढून. विश्रांतवाडीपासून चालत भाजी आणणारी आई आता रिक्षा येईपर्यंतही उभी राहू शकत नाही.

मागच्या आठवड्यात मोज्याच्या मापाची चिठ्ठी शोधताना ऑपरेशनची जुनी फाईल तिच्या हाती लागली. दुपारभर ती वाचत बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पावडर लावत होते.

"शक्यता कमी आहे, असं लिहिलंय की बाईंनी स्वच्छ," ती म्हणाली.

"हो."

"शक्यता मी सातवीच्या पोरांनासुद्धा समजावून सांगितली असती."

मी खाली मान घालून मोजा उलटा करत राहिले. तिने ओरडायला हवं होतं. मला तेच हवं होतं.

"सहीच्या वेळी माझा चष्मा कुठे होता गं?"

"माझ्या पर्समध्ये."

"वाटलंच," आई म्हणाली आणि तिने पाय पुढे केला. "ओढ आता."