माझ्या जागी उभा राहणारा

मला शुगर निघाली तेव्हा डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं, भात कमी करायला सांगितलं आणि भरपूर पाणी प्या म्हणाले. पहिल्या दोन गोष्टी मी केल्या. तिसरी जमेना, कारण पाणी प्यायलं की जावं लागतं आणि आमच्या लाइनवर जायची सोय नव्हती.

आमची कंपनी निघोज्याच्या पुढे आहे. गाड्यांच्या सीटा बनवते. पट्ट्यावरून सीटचा सांगाडा सरकत येतो, प्रत्येक स्टेशनवरचा माणूस आपलं एवढंसं काम करतो आणि सांगाडा पुढे जातो. मी हवेच्या गनने बोल्ट आवळतो. पूर्वी प्रत्येक लाइनला एक रिलीव्हर असायचा. कुणाला लघवीला जायचं असेल, कुणाच्या हाताला लागलं असेल, तर तेवढा वेळ त्याच्या जागी तो उभा राहायचा. माणसं कमी करायला घेतली तेव्हा सगळ्यात आधी तो गेला. तो नुसता फिरतो असं वरच्यांना वाटलं असावं.

त्यानंतर जायचंच असेल तर डोक्यावरची दोरी ओढायची. दोरी ओढली की पिवळा दिवा लागतो, जुन्या मोबाइलसारखी एक धून वाजते आणि सगळी लाइन उभी राहते. कुणाच्या स्टेशनमुळे थांबली ते मोठ्या बोर्डावर दिसतं. दोरी मशीन बिघडल्यावर ओढायची, माणसासाठी नाही, असंच आम्ही धरून चाललो होतो. म्हणून मी दिघीहून कंपनीच्या बसमध्ये चढण्याआधी चहासुद्धा घेत नसे. बायकोने भरून दिलेली बाटली संध्याकाळी तशीच परत यायची. तिच्यातलं पाणी सोसायटीच्या जिन्यातल्या कुंडीत ओतायचं आणि मग वर जायचं, हा माझा रोजचा उद्योग.

शेजारच्या स्टेशनवर लातूरकडचा एक तिशीतला माणूस आहे, कॉन्ट्रॅक्टवरचा. तो सीटचं हँडल बसवतो. मी पाय बदलत उभा राहतो हे त्याने ओळखलं. एकदा हळूच म्हणाला, “काका, जावा तुम्ही. मी बघतो दोन्हीकडं.” तेव्हापासून मी गेलो की तो माझे बोल्ट आवळायचा आणि धावत जाऊन आपलं हँडल बसवायचा. मी परत येईपर्यंत त्याचा शर्ट पाठीला चिकटलेला असायचा. माझी नोकरी पक्की, त्याची दर काही महिन्यांनी ब्रेक लागणारी. मी युनियनचा सभासद, तो होऊ शकत नाही. आणि मला सांभाळायचा तो. हे मी घरी कधी सांगितलं नाही, सांगण्यासारखं वाटलंच नाही.

आमच्या युनियनचे अध्यक्ष इथल्या गावचेच. मला स्टोअरला बदली मिळेल का, असं मी त्यांना एकदा बाजूला घेऊन विचारलं होतं. कशासाठी ते सांगावं लागलं. त्यांनी ऐकून घेतलं, बदलीचं काही बोलले नाहीत. पुढच्या मागणीपत्रात मात्र रिलीव्हर परत द्या, ही मागणी आली. कुठेही माझं नाव नाही. सर्वांच्या सोयीसाठी, एवढंच. हे माझ्यासाठी केलंय असं मनाशी धरून मी त्यांच्यासमोरून जाताना मान खाली घालायचो.

व्यवस्थापन म्हणालं, गरज आहे का ते आधी बघू. त्यांनी एक इंजिनिअर दिवसभर लाइनवर उभा केला आणि तिथे आम्ही माती खाल्ली. आमच्याकडे कुणी बघायला आलं की लाइन दाखवायची असते. ऑडिटला ग्राहक येतात तेव्हा फरशी पुसलेली, हातमोजे नवे, आणि लाइन थांबायची नाही. इतक्या वर्षांत ते अंगात भिनलंय. त्या दिवशी कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं, तरी प्रत्येकजण ऑडिट असल्यासारखा राबला. मी तर सकाळपासून घोटभरही पाणी प्यायलो नाही. तरीही एकदा जावंच लागलं, आणि लातूरच्या गड्याने माझी जागा अशी सांभाळली की मागे उभ्या इंजिनिअरला कळलंही नाही. लाइन दिवसभर थांबली नाही. इंजिनिअर जाताना मनापासून म्हणाला, तुमची लाइन फार छान चालते. रिलीव्हरची गरज दिसत नाही, हे उत्तर लवकरच आलं.

कँटीनमध्ये अध्यक्ष आमच्या टेबलावर येऊन बसले. चिडले नव्हते. म्हणाले, “पाव्हणा यायच्या आधी घर सारवून ठिवलं तुमी. त्यानं चकाचक घर बघितलं आन गेला. आता घरात दुखनाईत माणूस हाय, हे त्याला कसं पटवू?” सगळे हसले.

पुन्हा एकदा बघायला या, हे त्यांनी भांडून मान्य करून घेतलं. या वेळी पोटभर पाणी प्यायचं, आपलं काम नीट करायचं, दुसऱ्याच्या स्टेशनला हात लावायचा नाही. आणि जायची वेळ आली की दोरी ओढायची, असं ठरलं. कॉन्ट्रॅक्टवाल्यांना ते सांगता येत नव्हतं; त्यांना गेटवर अडवायला ठेकेदाराला कारण लागत नाही. मी ओढतो म्हणालो.

“दुसरा कुनीबी वढंल,” अध्यक्ष म्हणाले. “तुमीच पायजे असं न्हाई, भाऊ.”

खरं सांगायचं तर भीती वाटत होती. आजारी माणूस म्हणून डोळ्यांवर आलो, तर उद्या राजीनामा देऊन घरी बसायचा सल्ला मिळायचा. मुलीचं शिक्षण अजून बाकी आहे. पण मलाच लागते तर दुसऱ्याने का ओढावी, असंही वाटलं.

इंजिनिअर पुन्हा येणार होता त्या सकाळी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “तरीच ते रोप कुजलं.” आणि तिने दोन बाटल्या भरल्या.

मी दोरी ओढली. धून वाजायला लागली, लाइन उभी राहिली, बोर्डावर माझं स्टेशन लाल झालं. स्वच्छतागृह लाइनच्या टोकाला आहे, सगळ्यांसमोरून चालत जावं लागलं. परत आलो तर बहुतेकजण शांतपणे पाणी पीत होते. लातूरच्या गड्याने दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत घट्ट धरले होते. सवयीने एक हात माझ्या गनकडे जाऊ नये, म्हणून दुसऱ्याने धरून ठेवलेला.

लाइन सुरू होऊन थोडा वेळ झाला असेल, पुन्हा धून वाजली. या वेळी कव्हर चढवणाऱ्या ताईंनी दोरी ओढली होती. कुणाकडेही न बघता त्या चालत गेल्या.

संध्याकाळी अध्यक्षांचे आभार मानायला गेलो, म्हटलं माझ्यासाठी तुम्ही एवढं केलंत. त्यांनी माझ्याकडे जरा नवलाने बघितलं. “ही मागनी त्या ताईंची हाय. तुमच्या कितीतरी आधीपास्नं म्हनत व्हत्या. आमी गडीमानसं लाजायचो, कागदावर घ्यायला. तुमी बोललात आन आमची भीड मोडली.”

ताई माझ्यापासून चार स्टेशनं पुढे उभ्या असतात. इतक्या वर्षांत त्या काय करत असतील, हा विचार मला एकदाही शिवला नव्हता.

रिलीव्हर मिळाला. मागितला होता लाइनला एक, दिला दोन लाइनींत एक. लातूरच्याला दोन्ही कामं येतात म्हणून त्यालाच त्या जागेवर घेतलं, पण कॉन्ट्रॅक्टवरच. नव्या मागणीपत्रात त्याला पक्कं करा ही मागणी पहिली आहे. ती सभेत उभं राहून मी मांडली.

सध्या तो फेरी मारत माझ्यापाशी येतो, रिकामी बाटली बघून मान डोलावतो, आणि भरलेली दिसली तर दम देतो. “प्या की काका. मी कशाला फिरतोय मग?”

मी पाणी पितो, गन त्याच्या हातात देतो आणि जातो. धावत नाही.