बावीस जणींचं एक मशीन

नेपाळी विक्रम संवतातल्या पुस (पौष) २२, २०७५ रोजी बर्दिया जिल्ह्यातल्या बिस्नी थारूचं सक्षमीकरण पूर्ण झालं. खर्च दर मुलीमागे ४८,६७५ रुपये. त्यातलं बिस्नीच्या हाती आलं एक प्रमाणपत्र, एक टोपी आणि जेवणाचं पाकीट. बाकीची रक्कम योग्य ठिकाणीच गेली असणार.

तीन महिने एका संस्थेने तिला बीपी मोजायला, गरोदर बाईच्या पायांवरची सूज ओळखायला आणि जुलाबावर मीठ-साखरेचं पाणी करायला शिकवलं होतं. या कामाचे गावात चार पैसे मिळाले, तर थारूंचा नववर्षाचा सण, माघी, झाल्यावर नेपाळगंजला मालकिणीकडे भांडी घासायला जावं लागणार नव्हतं. मुलींना असं कामाला धाडणं कायद्याने केव्हाच बंद झालंय. आता त्यांना शिकायला धाडतात. बिस्नी तिथे चार वर्षं शिकून आली होती. कढई कशी घासतात ते.

समारंभात प्रत्येकीला बीपीचं मशीन मिळालं. म्हणजे मुलगी डावीकडून मंचावर चढायची, देणगीदार पाहुणे मशीन द्यायचे, फोटो निघायचा, आणि ती उजवीकडे उतरली की संस्थेचे व्यवस्थापक पोखरेलसर मशीन काढून घेऊन पुन्हा डावीकडे पाठवायचे. मुली बावीस, मशीन एक. बिस्नीचा नंबर शेवटचा. ती उतरली तेव्हा पाहुणे निघाले होते आणि सर त्यांच्या गाडीचं दार धरून उभे होते. बिस्नी मशीन काखेत मारून सरळ घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सर मोटरसायकलवरून अंगणात हजर. बिस्नी शेजारच्या लछनी काकीच्या दंडाला पट्टा बांधत होती.

"बहिनी, ते मशीन चुकून तुझ्याकडे राहिलं."

"चुकून कसं, सर? पाहुण्यांनी हातात दिलं. टाळ्या तर तुम्हीच वाजवल्या."

"अगं, ते फोटोपुरतं होतं!"

"फोटोत आहे ना? मग चैतात पाहुणे बघायला आले की काय दाखवू? टोपी?"

काकी फिसकन हसली.

"हलू नका काकी, आकडा चुकेल."

"फार बोलायला लागलीस तू," सर म्हणाले.

"तुम्हीच शिकवलंत. समोरच्याच्या डोळ्यांत बघून आपला हक्क मागायचा."

आत्मविश्वास हा विषय तिसऱ्या आठवड्यात झाला होता. तो संस्थेवर वापरायचा नसतो, एवढं सांगायचं राहून गेलं होतं.

सरांनी हेल्मेट चढवलं, काढलं, पुन्हा चढवलं. "बरं, ठेव. पण पाहुणे येतील त्या दिवशी बाकीच्या मुलींनाही इथेच बोलाव."

"बोलावते की. एकीकडून दुसरीकडे द्यायची सवय आहेच सगळ्यांना."

मोटरसायकल गेली तसा बाप दारातून बाहेर आला. "आता मालकिणीला काय सांगू? तिच्याकडून दोन हजार आगाऊ घेतलेत. माघीचं डुक्कर आणलं त्यातून."

"सांगा, पोरगी शिकली."

"आणि पैसे?"

"मी फेडीन."

माघी झाली, बिस्नी गावातच राहिली. एका दंडाचे ती दहा रुपये घेते. जमतील तसे नेपाळगंजला पाठवते. चैत संपला तेव्हा मालकिणीचे तीनशे चाळीस रुपये देणे बाकी होते.