तिसऱ्या रांगेतली धवलारीण

मालूबाईचा राग गाडीवर होता. घरच्या माणसांवर रागावून उपयोग होत नाही, ती ऐकून घेतात आणि हवं तेच करतात, हे तिला ठाऊक होतं. गाडी निदान उलट बोलत नाही, असा तिचा समज होता. नव्या मॉडेलने तोही खोटा ठरवला.

मालूबाई धवलारीण. लग्नात भटजी मंगलाष्टकं म्हणतो ते ठीक, पण आगऱ्यांच्या घरी हळदीपासून पाठवणीपर्यंत जागोजागी धवला लागतो, आणि तो धवलारणीने गायचा असतो. मालूबाईने ओळ टाकायची, तिची जोडीदारीण जनी आणि बाकीच्या बायकांनी ती उचलायची. त्यांच्या घराण्यात तर नवरदेव गाडीतून पाय खाली टाकतो तोच धवल्यावर.

शेतं सरकारने घेऊन पैसे दिले त्या साली नवऱ्याने, तुळशीरामने, पहिली व्हॅन आणली. नाक कापल्यासारखी सपाट, सरकत्या दाराची. इंजिन पुढच्या सीटखाली, त्यामुळे तुळशीरामशेजारी बसलेल्या मालूबाईचं बूड भाजायचं. भाजेना का! मागच्या सीटा समोरासमोर होत्या. बायका गुडघ्याला गुडघा लावून बसायच्या, मालूबाई पुढून ओळ टाकायची आणि काचा खाली करून सगळ्या गात जायच्या. वरात आली हे गावाला आधी ऐकून कळायचं.

तुळशीराम गेल्यावर मुलाने, शैलेशने, दुसरी घेतली. नाव तेच, गाडी निराळी. हिला नाक फुटलं, इंजिन तिकडे गेलं, बूड थंड झालं. पण सगळ्या सीटांची तोंडं पुढे. जनी मालूबाईच्या अंबाड्याकडे बघून गायला लागली. "तुजा अंबारा मना काय इशारा करनार गो?" असं ती म्हणायचीसुद्धा. पुढची सीट सुनेची, किशोरीची, झाली. मालूबाई मधल्या रांगेत सरकली.

आणि आता ही तिसरी. पनवेलच्या शोरूममधून आणली त्या दिवशी शैलेश काच ठोकून सांगत होता, "आई, बाहेरचा आवाज नाही, तळोज्याच्या कारखान्यांचा वास नाही. बंद केली की डबा!"

"आनि आतला आवाज?"

"तो कशाला बाहेर जायला पाहिजे?"

शैलेशच्या प्रणितचं लग्न ठरलं ते नेमकं तळोज्याच्या हॉलमध्ये. नातवाचा धवला गायची मालूबाईची केवढी हौस. सकाळी खांदा कॉलनीत घरासमोर गाडी भरली. पुढे चालवायला शैलेश आणि शेजारी व्हिडिओवाला, मध्ये नवरदेव, किशोरी आणि तिची बहीण. मधली सीट दुमडून मालूबाईला तिसऱ्या रांगेत कोंबलं आणि सीट पुन्हा उभी केली. गुडघे हनुवटीला लागले. जनीला जागाच नव्हती. ती पाहुण्यांच्या बसने गेली.

"शैल्या, मना आदी उतरवशील ना? मी गायल्याबिगर त्याचा पाय खाली परता कामा नाय."

"हो गं आई. किती वेळा सांगशील?"

हॉलच्या फाटकाशी डीजे दणाणत होता. पोरांनी दार उघडलं आणि प्रणितला सरळ खांद्यावर उचललं. किशोरी फेटा सावरत त्याच्यामागे, बहीण किशोरीमागे, व्हिडिओवाला सगळ्यांच्या पुढे. शैलेश नाचत नाचतच चावी दाबून गेला. टक्. सगळी दारं बंद.

मालूबाईने मधली सीट ढकलली. ती पुढून एक पट्टा ओढल्याशिवाय पडत नव्हती. काच बडवली. डबाच तो! बाहेर डीजे थांबला आणि स्पीकरवर धवला सुरू झाला. जाड काचेतून बारीक ऐकू येत होता, पण आवाज तिने ओळखला. तिचाच! हळदीच्या दिवशी शैलेशने मोबाइलवर घेतला होता, 'असू दे बॅकअप' म्हणून.

घामाने चोळी भिजली. शेवटी शैलेशकडून चावी घेऊन मंगळसूत्राची पिशवी न्यायला किशोरी आली आणि तिने डिकी उघडली.

"अगं बाई! आई, तुम्ही अजून इथेच?"

"नाय, पिकनिकला आलंय! पिशव्या काढ आदी."

सीटची पाठ दुमडून, पिशव्यांच्या जागेतून मालूबाई डिकीतून उतरली. लुगडं ठीक करायलाही थांबली नाही. मांडवाच्या दाराशी जाऊन तिने प्रणितचं मनगट धरलं.

"चल माघारी. गारीत बस."

"आजी, अगं, झालं ना ते! तुझाच आवाज लावला होता."

"मी कोंडलेली आनि आवाज मोकला? न गाता उतरलास तो उतरलास नाय."

"आई, मुहूर्त!" शैलेश ओरडला.

"मुहूर्ताला बी धवला लागतो."

प्रणित हसला, पण माघारी आला. गाडीत बसला, दार उघडं ठेवलं. जनी धावत आली. मालूबाईने ओळ टाकली आणि गाडी बोलायला लागली. टिंग, टिंग, टिंग.

"हिचं तोंड बंद कर!"

"दार उघडं आहे म्हणून वाजतंय. सेफ्टी आहे ती, आई."

टिंगटिंगीवर धवला म्हटला तिने. चाल मोडली, जनीची ओळ चुकली, पोरं घड्याळ बघत राहिली. प्रणितचा पाय एकदाचा जमिनीला लागला. लग्न झालं, पण मालूबाईला जेवण गोड लागलं नाही.

परतताना तिने व्हिडिओवाल्याला हाताला धरून मागे पाठवलं आणि पुढे बसली. शैलेश चाचरत म्हणाला, "पुढच्या मॉडेलला मधून जायला वाट आहे, आई. शोरूमवाला म्हणत होता."

"ती येईतोवर मी राहीन काय?"

नव्या सुनेला घरी नेण्याचा धवला तिने सुरू केला. उचलायला मागे कोणी नव्हतं. नवरी पेंगत होती, किशोरी मोबाइलवर फोटो बघत होती. पाहुण्यांची बस शेजारून चालली होती आणि खिडकीत जनी होती. मालूबाईने काच खाली केली. कारखान्यांचा वास भस्सकन आत आला.

"आई, काच! वास येतोय!" किशोरीने पदर नाकाला लावला.

"येऊ दे," मालूबाई म्हणाली, आणि बाहेर तोंड काढून तीच ओळ पुन्हा, मोठ्याने टाकली.