नळीतल्या पेजेचं मीठ

अर्धांगवायूमुळे वडिलांची वाचा गेली होती आणि गिळताही येईना, म्हणून त्यांच्या नाकातून पोटापर्यंत नळी घातली होती. ते मधूनच तोंड वाकडं करायचे. नळी खुपत असेल, असं मी नर्सला सांगायचे.

शेजारच्या खाटेवर एका म्हातारीलाही तशीच नळी होती. तिची देखभाल तिचा जावई करायचा. डिचोलीला खनिजाचा ट्रक चालवणारा, सावंतवाडीकडचा माणूस. नर्स नळी तपासून गेली की तो सासूला उशीला टेकवून बसवी, सिरींज उंच धरी आणि गाळलेली पेज आपसूक उतरू देई. पण त्याआधी पेजेचा थेंब तळहातावर घेऊन चाखायचा, विचारात पडायचा आणि किंचित मीठ घालून ढवळायचा.

मला काही कळेना. पेज जिभेला लागणारच नाही, मग चव कुणासाठी? शेवटी विचारलंच.

"ढेकर येता मगे, बाय," सिरींजवरची नजर न काढता तो म्हणाला. "तेव्हा चव येता तोंडात. अळणी ढेकर इलो तर काय म्हणात ती जावयाक?"

दुपारी वडिलांसाठी पावडरचं दूध कालवलं आणि थेंबभर जिभेवर घेतलं. गोडमिट्ट होतं. वडिलांना चहातसुद्धा साखर आवडत नाही.

मग इतके दिवस खुपत होती ती नळी की हा गोड ढेकर, हे आता कुणाला विचारू?