लिहिलंय ना, मग झालं

विमा कंपनीनं काकांना फसवलं. माझ्या दुकानात, माझ्या डोळ्यांदेखत, आणि मी त्यांच्या बाजूनं भांडत असताना. आधी एवढं सांगून टाकतो, मग काका कसे होते ते सांगतो.

कुठलाही कागद हाती आला की काका तो टेबलावर ठेवून अंगठ्यानं इस्त्री फिरवल्यासारखा सपाट करत. मग ओळीखाली बोट सरकवत वाचत आणि म्हणत, "लिहिलंय ना, मग झालं." रेल्वेचं वेळापत्रक असो, कचरा वेगळा करण्याचा तक्ता असो की औषधाची पुडी, त्यांचा निकाल तोच.

चाळीस वर्षं ते जपानात, त्सुकुबा शहरातल्या एका संशोधन संस्थेत यंत्र सांभाळत होते. कणांना वेग देऊन नेमक्या जागी आदळवणारं यंत्र. मला समजावताना ते दुकानातले वाटाणे काउंटरवरून घरंगळवत आणि नंतर एकूण एक उचलून पिशवीत परत टाकत. बायको गेल्यावर ते इकडे ग्योतोकुला, माझ्या दुकानाजवळ राहायला आले. का, तर म्हणे, "इथे स्टेशनबाहेर पडलं की कोणीतरी मराठीत भांडत असतं. बरं वाटतं." तो भांडणारा बहुतेक मीच असे.

मी साताऱ्याहून इथल्या हॉटेलात भांडी घासायला आलो. आज स्वतःचं किराणा दुकान आहे. ज्या देशात कोणी भाव करत नाही, तिथे मी गाळ्याच्या भाड्यापासून जुन्या फ्रीजपर्यंत सगळं भाव करून घेतलंय. काकांना याची मोठी गंमत वाटे. ते स्वतः मात्र छापील किंमत मोजणारे. एकदा मी त्यांच्या पिशवीत एक लिंबू जास्त टाकलं, तर भर उन्हात परत आले.

"शेठ, पावतीत चार आहेत, पिशवीत पाच."

"काका, प्रेमानं दिलंय."

"मग तसं पावतीत लिही."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांचा राग येतो आणि त्यांच्यावाचून करमतही नाही.

पंचाहत्तरी ओलांडली की इथे म्हाताऱ्यांना सरकारचा वेगळा आरोग्य विमा मिळतो. काकांचा त्यावर पूर्ण भरवसा होता. पण दवाखान्यात स्वतः भरायचा त्यांचा वाटा वाढला. नगरपालिकेच्या सभागृहात ज्येष्ठांसाठी आरोग्याचं व्याख्यान असलं की बाहेर पडताना दाराशीच खाजगी विम्याची पत्रकं हातात पडू लागली. 'सरकारी विम्यात जे बसत नाही, त्यासाठी.' काका म्हणाले, "काल सरकार म्हणत होतं, माझा विमा पुरेसा आहे. आज स्वतःच शेजारी खुर्ची मांडून दुसऱ्याला बसवलंय."

तरी ते घाबरले. डोळ्यांत मोतीबिंदू, बारीक जपानी अक्षर वाचवेना. मला म्हणाले, "विमावाल्याला तुझ्या दुकानात बोलावतो. तू बस बरोबर." मला जपानी बोलता येतं, वाचता येत नाही. हे त्यांना माहीत होतं. तरी मी बसलो.

विमावाला तिशीतला, गोड बोलणारा. तीनदा वाकला. हप्ता सांगितला.

"महाग आहे, कमी करा," मी म्हणालो.

त्यानं दातांतून हवा ओढली. इथे ती नकाराची खूण. मी उठलो. "मग राहू द्या. चहा घेऊन जा."

त्यानं टॅब्लेटवर बोटं फिरवली आणि पडदा आमच्याकडे वळवला. हप्ता उतरला होता. मी म्हणालो, आणखी. आणखी थोडा उतरला. मी काकांच्या पाठीवर थाप मारली. "बघा काका! जपानात!"

काका हसले नाहीत. "छापील किंमत कमी कशी होते रे?"

"मागितली की होते."

"वस्तू हलकी झाली, तर वजन कुठे गेलं?"

"तुम्ही शास्त्रज्ञ लोक ना..." मी म्हणालो.

मग त्यांनी त्या माणसालाच जपानीत सरळ विचारलं, "यातून काही काढलंत का?"

तो म्हणाला, "मुख्य संरक्षण तेच आहे."

हे मी कानांनी ऐकलं. काकांनीही ऐकलं, कागद अंगठ्यानं सपाट केला आणि इथल्या रीतीप्रमाणे सहीच्या जागी आपला शिक्का उमटवला.

दीड वर्षानं यकृतात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, वय पाहता चिरफाड नको, कणांचा झोत सोडून गाठ जाळता येईल. काकांचा चेहरा उजळला. "म्हणजे माझ्या यंत्राचा धाकटा भाऊ! शेठ, मी त्याला ओळखतो, तो मला ओळखेल." त्यांच्या प्रकारच्या गाठीसाठी हा उपचार सरकारी विम्यात अजून बसत नव्हता. खर्च एका नव्या मोटारीएवढा. खाजगी विमा घेतला होता तो नेमका अशाच वेळेसाठी.

मी फोन लावला. पलीकडची बाई अतिशय नम्रपणे म्हणाली, प्रगत उपचारांचं जोडकलम, म्हणजे अशा झोताचा खर्च देणारं कलम, आपल्या योजनेत नाही. करार करतानाच ते वगळलंय. दुसऱ्यांदा हप्ता उतरला, तो त्यामुळे. महिन्याला स्टेशनवर मिळणाऱ्या तयार कॉफीच्या एका डब्याएवढे पैसे वाचले होते. मी वाचवले होते.

मी काकांना म्हणालो, "दुकानावर कर्ज काढतो. तुम्ही झोत घ्या."

ते बराच वेळ करारावरून बोट फिरवत राहिले. मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांना आता सगळं स्वच्छ दिसत होतं. "नाही लिहिलेलं रे," ते म्हणाले. मग माझ्याकडे पाहून, "पावतीत चार, पिशवीत पाच. नको."

 

सरकारी विम्यात बसणाऱ्या गोळ्या घेतल्या. हिवाळा सरायच्या आतच ते गेले. घर आवरायला मी गेलो, तर स्वयंपाकघरात दुधाचे रिकामे खोके कचऱ्याच्या तक्त्यात लिहिल्याप्रमाणे धुऊन, कापून, सपाट करून रचलेले होते.

तेव्हापासून मी त्या कंपनीच्या कचेरीत चारदा गेलोय. दर वेळी नवा माणूस येतो, म्हणतो, तो प्रतिनिधी आता दुसऱ्या शहरात असतो, आणि कंबरेत वाकतो. करारात सगळं लिहिलेलं आहे, म्हणतो. असेल. पण काकांनी तोंडानं विचारलं होतं. सरळ, एका वाक्यात. माझ्या चुकीचं उत्तर मी रोज देतो, दुकान उघडतो तेव्हा देतो आणि लिंबं मोजतो तेव्हाही. आता त्या माणसानं माझ्या काउंटरसमोर उभं राहावं. वाकू नये. 'काही काढलंत का' या प्रश्नाला त्या दुपारी 'हो' का म्हणाला नाही, तेवढं सांगावं. आणि ते मला लिहून हवंय.