दहा मिनिटं पुढं

हैदराबादच्या भंगारात मिळालेल्या रुबिडियम ऑसिलेटरवर मी जिंतूरला घरीच अणुघड्याळ बनवलं. लाईट सारखी जायची, म्हणून ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालवलं. महिने लोटले, तरी बातम्यांआधी रेडिओवर वाजणाऱ्या ठोक्यांशी ते जराही चुकलं नाही.

माझे वडील, अण्णा, ते बघून म्हणाले, "लय झ्याक हाय. आता दहा मिनिटं पुढं कर." एसटी चुकू नये म्हणून आमच्या घरचं प्रत्येक घड्याळ पुढंच असायचं.

मी भडकलो. "अण्णा, ह्याला हात लावायचा न्हाई!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी मनगटावरचं घड्याळ गुपचूप माझ्या घड्याळावरून लावलं आणि त्यांची परभणीची एसटी चुकली. मी स्टँडवर गेलो, तर ते कंट्रोलरला ठणकावत होते, "आमचं घड्याळ बरोबर हाय. तुमची गाडीच आधी गेली!"